साळवेमामांची बीरगंजची खेप

साळवेमामांच्या मनगटावरचं घड्याळ कायम पंधरा मिनिटं पुढे असायचं. गोदामात नवीन आलेला प्रत्येक जण त्यांना एकदा तरी सांगायचा, "मामा, घड्याळ पुढं गेलंय." मामा हात पुढे करून काटे दाखवायचे आणि म्हणायचे, "घड्याळ बराबर हे. गाव चुकलं तुमचं." ते घड्याळ नेपाळच्या वेळेवर लावलेलं होतं. आपल्या गावी पिंपळगाव रेणुकाईत, भोकरदनच्या बाजारात, जालन्याला आमच्या बियाण्याच्या गोदामात, सगळीकडे मामा नेपाळच्या वेळेनं वावरायचे. त्यामुळे कामावर यायला त्यांना एकदाही उशीर झाला नाही, हेही सांगून टाकते.

मी त्या कंपनीत माल पाठवण्याचं काम बघते. कोणत्या गाडीत कोणतं बियाणं, कोण ड्रायव्हर, सोबत कोणते कागद, कोणत्या दिवशी कुठे पोहोचायचं, याच्या याद्या करणं हे माझं काम. घरीही मी तशीच आहे. किराण्याची यादी, औषधांची यादी, कोणाला कधी फोन करायचा त्याची यादी. आमच्याकडे आठ ड्रायव्हर होते आणि लांबच्या खेपा नंबराने लागायच्या. सगळ्यात लांबची खेप रक्सौलची. रक्सौल बिहारमध्ये, देशाच्या अगदी टोकाला. तिथला पूल ओलांडला की नेपाळचं बीरगंज. आमचं भेंडीचं आणि मक्याचं बियाणं बीरगंजच्या व्यापाऱ्याकडे जायचं. बाकीचे ड्रायव्हर या खेपेला कंटाळायचे. मामा मात्र वीस वर्षं आनंदाने जात होते.

त्या दोन गावांबद्दल मामा बोलायला लागले की चहा गार व्हायचा. "ताई, आपला जुना जालना अन् नवा जालना हे ना, मधून कुंडलिका? तसंच बघा बिलकुल. एकच गाव हे ते. फक्त तिथं पुलावर बंदूकवाला उभा राह्यतो." रक्सौलची माणसं अमुक एक वस्तू स्वस्त म्हणून बीरगंजला जातात, बीरगंजची माणसं कापड आणि किराणा घ्यायला रक्सौलला येतात. भाव उलटले की गर्दीही उलटी वाहते. एका बाजूची मुलगी दुसऱ्या बाजूला दिलेली. टांगे दिवसभर या देशातून त्या देशात हेलपाटे घालतात. "घोड्याला कोण पासपोर्ट विचारतंय?" मामा म्हणायचे. आणि लगेच गंभीर होऊन सांगायचे, "पण ताई, पूल बंद झाला ना, तर दोन्हीकडच्या चुली एकाच टायमाला विझत्यात. एका गावाचं नाक दाबलं की दुसऱ्याचा जीव जातो."

इद्रिस नावाचा एक टांगेवाला त्यांचा तिथला जिवलग होता. स्वतः राहायला रक्सौलला, साडू बीरगंजला. पुलाच्या अलीकडे ट्रकची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, तेव्हा मामा गाडीच्या सावलीत स्टोव्ह पेटवून पिठलं टाकायचे आणि इद्रिस टांगा बाजूला लावून जेवायला बसायचा. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी म्हणलं, भाई, हे तर बिनमिरचीचं हे. आमच्या घरी आलास तर मरशील."

मामांच्या पत्नी कौसाबाई. मी त्यांना दोन-तीनदाच भेटले होते. बुटक्या, सावळ्या, थोडक्यात बोलणाऱ्या. मामांनी त्यांना लुंबिनीला न्यायचं कबूल केलं होतं, आणि जाताना तो पूलही दाखवायचा होता. "बाबासाहेबांनी दिलेला धम्म जिथून निघाला ती जागा बघायची हे तिला," मामा सांगायचे. कौसाबाई म्हणायच्या, "वीस वर्षं झाली, तिकडलं वारं तरी आणा पिशवीत."

त्या उन्हाळ्यात कौसाबाईंच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं, जालन्याच्या एका दवाखान्यात. ऑपरेशनला चौदा दिवस होते आणि यादीत रक्सौलच्या खेपेचा नंबर मामांचा होता. ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, या टायमाला मला मागं घ्या. दुसरं कोणी पाठवा."

मी कागद पुढे ओढला. "जायला पाच दिवस, माल उतरवायला दोन, यायला पाच. बारा झाले. दोन दिवस हातात राहतात, मामा."

"रस्ता बराबर धरला तुम्ही. पण तिकडं व्होटिंग हे. नेपाळात. व्होटिंगच्या आधी तीन दिवस पूल बंद करत्यात. माणूस सुद्धा सोडत न्हाईत. त्याच्या आधी सगळे घाई करत्यात, मंग रांग वाढती."

मला खरंच वाटलं की मामा सबब सांगताहेत. आपल्याकडे मतदान असलं की मी गाड्यांची आखणी बदलते, सुट्ट्या बघते, सणवार बघते. परक्या देशाच्या मतदानाची तारीख कोणी बघायची असते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. शिवाय एकाला सूट दिली की उरलेले सात जण उद्या टेबलासमोर येणार. मी म्हटलं, "नंबर म्हणजे नंबर, मामा. तारखेच्या आधी तुम्ही इथे असाल, माझा शब्द."

मामांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "तुमच्या यादीत सगळं हे ताई. एक पूल तेवढा न्हाई," म्हणाले आणि चावी घेऊन गेले.

त्यांनी सांगितलं तसंच झालं. पाचव्या दिवशी ते रक्सौलला पोहोचले आणि रांगेत सहा दिवस अडकले. अकराव्या दिवशी संध्याकाळी गाडी पूल ओलांडून बीरगंजच्या कस्टमच्या आवारात लागली, तेव्हा तिथलं कामकाज आवरलेलं होतं. पूल बंद व्हायला तासभर उरला होता. त्यांनी मला फोन केला. मागे टांग्याच्या घोड्याची घंटी वाजत होती.

"ताई, इद्रिस उभा हे इथं. त्याचा साडू गाडीत झोपायला तयार हे. मी टांग्यात बसून पार होतो. आजची रेल्वे धरली तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचतो."

मी विचारलं, "गाडी तुमच्या नावावर आत गेलीय ना? कागदावर सही तुमची?"

"हो."

"मग परक्या माणसाच्या ताब्यात कशी द्यायची? बियाणं उन्हात तापलं आणि गाडी हलवायला कोणी नसलं तर उगवण जाईल. तीनच दिवसांचा प्रश्न आहे. ऑपरेशनचं मी बघते. तुम्ही गाडी सोडू नका."

पलीकडे घंटी पुन्हा वाजली. मग मामा म्हणाले, "बरं." इतकंच.

ऑपरेशनचं मी खरोखर बघितलं. वॉर्डातली खाट, रक्ताच्या दोन बाटल्या, डबा, त्यांची मुलगी ज्योती हिची राहायची सोय, सगळं कागदावर लिहून एकेक पुसत गेले. आदल्या दिवशी कौसाबाईंनी माझा हात धरला. "ते येऊ द्या ना ताई. मंग करू." मी त्यांना समजावलं की ही तारीख गेली तर पुन्हा दीड महिना थांबावं लागेल, त्रास वाढेल. मी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली. सही करायला त्यांना मामांनी शिकवलं होतं, असं ज्योती म्हणाली.

डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. रक्तस्राव थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. त्या थांबल्या असत्या तर वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाही. त्यांना त्या दोन दिवसांत एक माणूस जवळ हवा होता, आणि तो माणूस मी पुलापलीकडे बसवून ठेवला होता, एवढं माहीत आहे.

फोन मीच केला. मामांनी ऐकून घेतलं. मी विचारलं, "थांबवू का, मामा? बर्फ मिळतो. दोन दिवस ठेवता येईल."

"आज दुपारी पूल उघडल. मंग रेल्वे. मंग दोन दिवस." ते हिशेब करत होते, मी करते तसा. "न्हाई ताई. उन्हाळा हे. ठेवू नका तिला." मग म्हणाले, "ज्योती जेवली का?"

पिंपळगावला ज्योतीने अग्नी दिला. लोकांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी वाहनाची आणि पाण्याची व्यवस्था बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा जालन्याला उतरले आणि स्टेशनवरून थेट गोदामात आले. अंगावर तेच कपडे, दाढी वाढलेली. पूल उघडल्यावर त्यांनी आधी माल उतरवून घेतला होता, मग रिकामी गाडी इद्रिसच्या साडूकडे सोपवून रेल्वे धरली होती. त्यांनी पोच पावती माझ्या टेबलावर ठेवली. "कागद बराबर हेत. बघून घ्या." मी उभी राहिले. पावती हातात घेऊन बघितली. खरंच सगळं बरोबर होतं. ते भोकरदनच्या बसला निघून गेले. त्या बियाण्याची उगवण फार चांगली झाली, असं बीरगंजच्या व्यापाऱ्याने पुढे कळवलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पिंपळगावला गेले. विहारासमोर मांडव घातला होता. एकेक जण उठून कौसाबाईंबद्दल बोलत होता. शेवटी मामा उठले. ते म्हणाले, "आमच्या ताई आल्यात. ताईंनी लय केलं. खाट मिळवून दिली. रक्ताच्या बाटल्या आणल्या. पोरीला घरून डबा आणला. गाडी केली. मयतीला पाण्याचा टँकर सुद्धा त्यांनी सांगितला." मी केलेली एकेक गोष्ट त्यांनी क्रमाने सांगितली, एकही सुटली नाही. लोक माझ्याकडे वळून बघत होते. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मामांनी दोनच गोष्टी सांगितल्या नाहीत. पूल बंद होणार हे त्यांनी मला आधी सांगितलं होतं, ही एक. आणि टांगा दारात उभा असताना मी त्यांना येऊ दिलं नाही, ही दुसरी. मग सूत्रसंचालकाने मला बोलायला बोलावलं. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि नको म्हटलं.

त्यांनी मला वाचवलं की शिक्षा केली, हे मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. मामा कामावर येत राहिले. रक्सौलची खेप मी त्यांच्या नंबरातून काढून टाकली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. ते नागपूर, हैदराबाद, जवळचे तालुके करायचे. चहाच्या वेळी नवीन पोरं म्हणायची, "मामा, ते दोन गावांचं सांगा ना." मामा म्हणायचे, "काय सांगायचं त्यात? एक इकडं हे, एक तिकडं हे." मी मात्र त्या देशाची मतदानाची तारीख आता भिंतीवर लिहिते. दोनदा लिहून झाली. ज्याला आधी माहीत होती तो माणूस रोज ती वाचत जायचा.

तीन वर्षांनी, गेल्या वैशाखात, मामा तीर्थपुरीला मक्याचं बियाणं उतरवून लिंबाखाली जरा आडवे झाले ते उठले नाहीत. पुन्हा तोच मांडव, तेच विहार. या वेळी मला कोणी बोलावलं नाही, मी स्वतः उठले. मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. फार वेळ लागला नाही. मागच्या बाजूला एकाने खाकरून घसा साफ केला, तेवढंच.

कार्यक्रम संपल्यावर ज्योती चहा घेऊन आली. मी म्हटलं, "तुझ्या आईला मी त्यांच्याविना जायला लावलं गं."

"माहीत हे आम्हाला," ती म्हणाली. "पप्पा आल्या आल्याच मला सांगितलं त्यांनी. मी लय चिडले होते. तुमच्या गोदामात येऊन भांडायला निघाल्ते. पप्पांनी धरून ठेवलं. म्हणले, तू जाऊ नको. ताई हिशेबाची बाई हे, त्या आपून होऊन सांगतील."

"मग?"

"मंग काय. रोज घरी आले की मी विचारायचे, बोलल्या का आज? ते म्हणायचे, आज काम जास्त होतं त्यांना."

तीन वर्षं ते रोज सकाळी माझ्या टेबलासमोर उभे राहत होते. मी त्यांच्या हातात गाडीचा कागद देत होते, आणि ते थोडं थांबून जात होते.