तात्यांच्या सुरणाचं फूल

तात्या जगतापांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. लग्नानंतर आम्ही कोपरखैरण्याच्या तीन मजली इमारतीत राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या दोन गॅलऱ्यांमध्ये कमरेइतकी भिंत होती. तिच्यापलीकडे अर्धा कापलेला निळा प्लास्टिकचा ड्रम, काठोकाठ मातीने भरलेला, पण आत गवताची काडीही नाही. माती पार वाळलेली दिसली म्हणून शेजारधर्माने मी त्यात तांब्याभर पाणी ओतलं. आतून तात्या धावतच आले.

"पोरी, झोपल्या जिवाच्या तोंडात पानी वततात व्हय? कुजंल की त्यो!"

झोपला होता तो सुरण. वर्षातले सहा महिने तो दिसायचाच नाही. पावसाळ्यात एकच जाडजूड, ठिपकेदार दांडा वर यायचा आणि त्यावर छत्रीएवढं पान पसरायचं. दिवाळीनंतर सगळं पिवळं पडून आडवं व्हायचं. मग तात्या नुसत्या मातीची राखण करत बसायचे. मी गॅलरीत खलबत्ता घेऊन बसले तरी भिंतीपलीकडून "हळू, हळू" असा हात यायचा.

तात्या मूळचे साताऱ्याकडचे. मसाला बाजारात मापाडी होते, म्हणजे मालाचं वजन करण्याचं काम. मिरचीच्या गोण्यांत उभा जन्म गेला आणि नाक कायमचं बंद पडलं. "माझं नाक निस्तं चष्मा ठिवायला हाय," असं सांगून ते सगळ्यांना हसवायचे. जेवताना मात्र हसायचे नाहीत. "भाकरी काय अन् पुठ्ठा काय, सारखंच," म्हणून ताट सरकवायचे, आणि त्यांच्या बायकोचा, काकींचा, चेहरा उतरायचा.

निवृत्तीच्या दिवशी एका व्यापाऱ्याने त्यांना कोंब फुटलेला सुरणाचा गड्डा दिला. काकी चिंच भिजत घालून विळीवर बसल्या, तेवढ्यात तात्यांनी तो उचलून ड्रमात पुरला. गड्डा चांगला पोसला की परातीएवढं फूल येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते फूल एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढाच त्यांचा हट्ट. काकींना वाळवणाला जागा हवी होती. "औंदा फूल न्हाई आलं तर फोडी करून शिजवीन," असं त्या दर उन्हाळ्यात बजावायच्या. चौथ्या वर्षी त्यांनी विळीला धारसुद्धा लावून आणली.

आणि त्याच मे महिन्यात मातीतून मुठीएवढी कळी वर आली. तात्यांनी दृष्ट लागू नये म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलं, वर लिंबू-मिरची बांधली आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी इमारतीत मेलेल्या उंदराचा वास सुटला. वास कसला, जेवण तोंडात जाईना. सेक्रेटरी सबनीसांनी फळ्यावर नोटीस लावून शोधमोहीम काढली, आणि तिचे पुढारी झाले तात्या! ज्या गटाराजवळ कुणी उभं राहीना, तिथे ते खांद्यापर्यंत हात घालत होते. "उंदीरच असनार. मोठा असनार," असं वरून ठणकावत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि गोणपाट दूर केलं. आत जांभळट लाल, झालरीसारखं दुमडलेलं फूल होतं, मधोमध सुरकुतलेला गोळा, भोवती माश्या. मी दोन पावलं मागे सरले. उंदीर सापडला होता!

तात्यांच्या मागे काकी उभ्या होत्या. दोन्ही नाकपुड्यांत कापूस, आणि माझ्याकडे बघून हात जोडलेले.

"पोरी, वास कसा हाय ग?" तात्यांनी विचारलं.

माझ्या आधी काकीच बोलल्या, "केवड्यावानी."

तात्यांनी फुलात तोंड खुपसून श्वास घेतला. बराच वेळ डोळे मिटून राहिले. "मलाबी येतोय," ते हळूच म्हणाले. "वाईच वाईच येतोय." मला रडू आवरेना. ते वासामुळे, असं मी स्वतःला समजावलं.

तेवढ्यात नाकाला रुमाल लावून, वासाचा माग काढत सबनीस आले. हातात पोतं, मागे झाडूवाला. "तात्या, हे आधी उचला..." असं म्हणेपर्यंत तात्यांनी त्यांचा दंड धरून फुलापुढे उभं केलं. "या सायेब, केवड्याचा वास घ्या!"

सबनीसांनी तात्यांकडे पाहिलं. मग काकींकडे पाहिलं. हा माणूस नियमाचा इतका पक्का की जिन्यात चप्पल दिसली तरी दंड करी. त्याने रुमाल खिशात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि पाणावल्या डोळ्यांनी म्हणाला, "वा. केवडाच." मग दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला.

तात्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांना कुणी खरं सांगितलं नाही. फुलाच्या त्या संध्याकाळी सबनीसांनी फळ्यावर नवी नोटीस लावली: "मेलेला उंदीर सापडला आहे. वास दोन दिवसांत जाईल. रहिवाशांनी सहकार्य करावे." तात्यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवली.

"बग पोरी," ते म्हणाले, "पयल्या दिसापास्नं मी काय सांगत व्हतो?"