आमच्या खाडीतलं युरेनियम

चहा घ्या आधी, हसायला नंतर भरपूर वेळ आहे. मी एका दिवसात अख्ख्या सोसायटीचं मासे खाणं बंद पाडलं, ते कसं ते ऐका.

मी प्रयोगशाळेत खाडीचा गाळ तपासते. त्यात युरेनियम शोधायचं. घाबरू नका, ते माती-पाण्यात थोडंफार असतंच. पण त्याचा एक प्रकार आहे, युरेनियम-२३३. तो निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. अणुभट्टीत नाहीतर बॉम्बच्या चाचणीत तयार होतो. म्हणजे तो दिसला, की समजायचं, ही माणसाची करणी.

आणि जुईनगरच्या आमच्या खाडीच्या गाळात तो मला दिसला. यंत्राच्या पडद्यावर आलेख असा उभा राहिला, की मला माझी पीएचडीच दिसायला लागली. सरांच्या आधी मी कोणाला फोन केला असेल?

"आई, आपल्या खाडीत माणसाने बनवलेलं युरेनियम सापडलंय."

"अगं बाई. आणि मी कालच बोंबील तळले."

आईने हे फक्त शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी फक्त सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळी घरी आले, तर आमची कोळीण हिरामावशी गेटवर भरली पाटी घेऊन बसलेली. गिऱ्हाईक एक नाही.

"पोरी, माज्या म्हावऱ्यात काय हाय म्हनं?"

"उद्या सांगते, मावशी," म्हणत मी जिन्याकडे पळाले.

सकाळी सरांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "गाळ ज्या बीकरमध्ये घेतला होतास, त्यातच नुसतं शुद्ध पाणी घालून मोज."

मोजलं. पाण्यातही तेच युरेनियम.

"दुसऱ्या एका चाचणीत मोजमापासाठी आपण २३३ स्वतःच थेंबभर घालतो ना? हा बीकर तिथला आहे. धुतला होतास?"

माणसाची करणी होती, तेवढं मात्र मी बरोबर ओळखलं होतं.

तशीच सोसायटीच्या गेटवर गेले. चार बायका लांबूनच पाटीकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर हिरामावशीला म्हटलं, "मावशी, ते खाडीतलं नव्हतं. माझ्याच भांड्याला लागलं होतं. चूक माझी."

तिने मला खालून वर न्याहाळलं. मग बायकांना हाक मारली, "या गो, घ्या. खारीत काय नाय. जं काय हाय, तं हिच्या हाताला हाय."

बायका आल्या, बघता बघता पाटी अर्धी झाली. मला हायसं वाटलं. म्हटलं, आपणही काही घ्यावं. एका पापलेटकडे हात नेला, तर मावशीने पाटी झटकन मागे ओढली.

"तू हात नको लावू. नुसता दाखव. मी टाकतंय पिशवीत."