गौराबाईंचा गडू आणि पोटातली नळी

कुंभिवलीच्या गौराबाई तीस वर्षं लोकांच्या बेंब्या बसवत होत्या. जड ओझं उचलून कुणाच्या पोटात कळ आली, की बेंबी सरकली म्हणायचं आणि त्यांच्या ओटीवर येऊन आडवं व्हायचं. त्या तेलाने पोट चोळत, बेंबीवर पेटती पणती ठेवत आणि वर पितळी गडू पालथा घालत. गडू पोटाला चिकटला की बेंबी जागेवर आली. मी शेजारचा. माझीही दोनदा बसवली त्यांनी. हाताला गुण होता, आणि त्यानेच घात केला.

१९८७ साली त्यांना कावीळ झाली. गळ्यात माळ घालून झाली, पथ्यं झाली, उतरेना. मुलगा कोंडाजी साजगावच्या कारखान्यात होता, तो त्यांना मुंबईला घेऊन गेला. पित्ताची नळी आवळली होती. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून तिच्यात प्लॅस्टिकची बोटभर नळी बसवली. तीन महिन्यांनी बदलायची, मधे पोट दुखलं तर लगेच यायचं, असं बजावलं.

महिन्याभरात हंडा उचलताना कळ आली. बेंबीच सरकली, असं गौराबाईंनी ठरवूनही टाकलं. दोन दिवस स्वतःच्या पोटावर गडू घातला. गडू चिकटत होता, कळ जात नव्हती. तिसऱ्या दिवशी पोट लाकडासारखं कडक झालं, तेव्हा कोंडाजीने त्यांना उचलून टेंपोत घातलं.

नळी निसटून खाली आली होती आणि तिच्या टोकाने आतड्याला भोक पडलं होतं. "असं फार क्वचित होतं," डॉक्टर म्हणाले. "चोळल्याने नाही, ती आपोआप सरकते. पण दोन दिवस घरी का बसलात?" ऑपरेशन झालं, बाई कशाबशा वाचल्या.

पुढच्या वर्षी गावातली चिंधी पोट धरून आली आणि सवयीने आडवी झाली. गौराबाईंनी गडू हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"खोपोलीला डाक्टरकडं जा."

"तुमीच बसवा ना, आत्या. तुमच्या हातानं बरं वाटतं."

"मलाबी तसंच वाटलं. दोन दिस माजंच पोट चोळत बसले. तुजं नाय चोळनार."

खोपोलीच्या डॉक्टरने तपासलं, तर चिंधीच्या पोटात नुसता वात धरला होता. गाव हसलं, आणि पोटदुखीवाले दुसऱ्या गावच्या बाईकडे जाऊ लागले. ओटी ओस पडली. वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलंच.

"वाटतं रं," त्या म्हणाल्या. "पन चिंधी चालत गेली डाक्टरकडं. मला उचलून न्यावं लागलं."