समुद्राकडे पाठ असलेली बाकं

आमच्या पार्कच्या गेटवर तिकिटं फाडायला मी बसते, त्यामुळे लोकांच्या तक्रारी सगळ्यात आधी माझ्या कानावर येतात. नळाला पाणी नाही, नकाशातला धबधबा कोरडा आहे, समुद्र फोटोतल्यासारखा निळा नाही. समुद्राला रंग द्यायचा ठेका माझ्याकडे नाही, हे अगदी ओठांवर येतं, पण नोकरी आहे म्हणून गिळते. गेल्या वर्षी मात्र एक नवीनच तक्रार सुरू झाली. कड्याच्या टोकाकडे जाणाऱ्या वाटेवरची बाकं म्हणे उलटी आहेत. एवढा समुद्र पसरलाय आणि बाकावर बसलं की तोंड चढाकडे, पाठ पाण्याकडे. "कुठल्या शहाण्याने ठेवलीत ही?" असं एका गृहस्थांनी मला विचारलं. माझ्या मावशीने, असं मी सांगितल्यावर ते जरा वरमले आणि पाण्याची बाटली विकत घेऊन निघून गेले.

मावशी या पार्कमध्ये वाटा राखते. जंगल थेट कड्यापर्यंत गेलेलं आहे, आणि त्यातून माणसाने समुद्र बघून सुखरूप परत यावं, हे तिचं काम. पावसाने माती वाहून गेली की ओंडके पुरून पायऱ्या करायच्या, झाड आडवं पडलं की बाजूला सारायचं, कठड्याचे खांब रोवायचे. बोलायला ती कमी. मनात काय चाललंय, ताकास तूर लागू देत नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, त्याच पार्कचे सुतार होते आणि ते बरोबर उलटे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. लाकडी पूल, पाट्या, कठडे, सगळं त्यांच्या हातचं. बाकंही त्यांचीच, आणि बाक म्हटलं की समोर समुद्र दिसलाच पाहिजे, हा त्यांचा नियम. खांद्यावर फळ्या टाकून ते चढ चढायचे आणि शीळ घालत उतरायचे. पण स्वतःच्या एकाही बाकावर ते कधी टेकले नव्हते. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसायला मी काय पाहुणा आहे?"

मग त्यांच्या छातीने दगा दिला. आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकातोंडात गेलेला, तो शेवटी भोवला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेला दम परत येणार नाही, पण उरलाय तेवढा जगायला पुरेसा आहे. फक्त रोज चाला, नाहीतर पायही जातील. काकांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. घरातल्या खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. त्या खिडकीतून पार्कची गाड्या लावायची जागा दिसते, दुसरं काही नाही. मावशी समजावून थकली, मी भांडून थकले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा भांडी विसळताना मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "माणूस असा खुर्चीत बसून संपेल गं." तिच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं आणि मला धडकी भरली.

एका सकाळी आम्ही दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. पहिल्या बाकापर्यंत ते आले, धापा टाकत बसले. समोर समुद्र, वारा, सगळं होतं. श्वास जागेवर आला तसे उठले आणि घराकडे वळले. पुढे का नको, असं मावशीने विचारलं.

"समुद्र दिसतोय," काका म्हणाले. "पुढचं बाक कुठे दिसतंय? मधेच दम संपला आणि बाक आलंच नाही, तर काय करू मी?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या मनात आलं. मावशीने मात्र मान वळवून एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा वाटेकडे, आणि त्यांच्यामागून चालू लागली.

त्यानंतर तिने जे केलं, त्यावरून सगळ्या पार्कमध्ये हशा पिकला. नाकातोंडावरून जाड कापड घट्ट बांधायची, पाठीवर वाळूचं पोतं घ्यायची आणि टोकाचा चढ चढायला लागायची. जिथे तिला खरोखर उभं राहवेना, तिथे जमिनीत काठी रोवायची. मी म्हटलं, मावशी, हे काय खूळ? म्हणाली, त्यांच्या छातीने चालून बघतेय. मग पार्कच्या साहेबांना विचारून तिने गोदामातली जुनी बाकं मागून घेतली. साहेब भला माणूस, डोकं खाजवत हो म्हणाला. काठी होती तिथे बाक आलं. वाटेवरची आधीची बाकं उपटून फिरवली, मधल्या फांद्या छाटल्या. आता कुठल्याही बाकावर बसलं की वर पुढचं बाक दिसायचं. समुद्र मात्र पाठीमागे गेला.

काकांना मी हे मीठमसाला लावून सांगितलं. वाटलं होतं, चिडून तरी उठतील. पण ते नुसतं "करू दे" म्हणाले. तेव्हा मावशी पोळी वाढता वाढता सहज बोलल्यासारखं बोलली, की दुसरं बाक जरा डुगडुगतंय, कुणी पडायला नको.

काकांचा घास हातातच राहिला. खड्डा किती खोल घेतलास, त्यांनी विचारलं. तिने हाताने दाखवलं. दगड भरलेस का? भरले असतील, ती म्हणाली. "असतील म्हणजे?" काका म्हणाले, आणि त्या जेवणात पुढे दुसरा विषय निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी खिशात लाकडी पाचरी आणि हातात हातोडी घेऊन ते दारात उभे. मी फक्त बघून येतो, म्हणाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. पहिल्या बाकावर ते बराच वेळ बसून राहिले. वर दुसरं बाक दिसत होतं. त्याच्याकडे ते रागाने बघत होते, आणि त्या रागातच उठून चालू लागले. पोचल्यावर आधी बसले, मग बाक हलवून पाहिलं, आणि दम परत येताच मावशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतकी वर्षं काम करून खांब रोवता येत नाही? मावशी खाली मान घालून दगड देत राहिली. त्यांनी पाचर ठोकली, बाक घट्ट झालं आणि त्यांनी त्यावर अशी थाप मारली की मला हसू आलं.

पुढे तिसरं बाकही डुगडुगायला लागलं, मग चौथं. मावशीचा हात म्हातारपणी ढिला पडला, असं मीच चारचौघांत म्हणत होते. थंडीत काकांना ताप आला, छाती भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आले तेव्हा पुन्हा खुर्ची आणि पुन्हा खिडकी. मला वाटलं, संपलं. मावशीने हातोडी त्यांच्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. काही दिवसांनी काका पुन्हा पहिल्या बाकावर दिसले. मी तिकिटं फाडता फाडता मान लांब करून बघत होते, आणि दोन माणसांना चुकून मुलांची तिकिटं दिली.

तक्रारी चालूच होत्या. शेवटी त्यावर तोडगा काकांनीच काढला. चौथ्या बाकावर श्वासाची वाट बघत बसले असताना त्यांना सुचलं, की एकाच पाठीला दोन्हीकडून बसायची फळी लावावी. एकीकडून समुद्र बघा, दुसरीकडून पुढचं बाक. त्यांनी साहेबांना बोलावून सांगितलं, साहेब खूश झाला आणि पहिलं जोडबाक काकांनी अंगणात बसून, नाकाला कापड बांधून स्वतः बनवलं.

काका टोकावर पोचले, त्या दिवशी माझी सुट्टी होती. आम्ही तिघं होतो. शेवटचा चढ ते इतके सावकाश चढले की एक खेकड्यासारखा चालणारा म्हाताराही आमच्या पुढे गेला. कड्यावरच्या बाकाला मावशीने हातच लावला नव्हता. ते काकांनी तरुणपणी बसवलेलं, समुद्राकडे तोंड केलेलंच होतं. तिथून पुढे कुठलं बाक शोधायचं नव्हतं. काका त्यावर बसले, आयुष्यात पहिल्यांदा. हातांनी फळी चाचपली, मागे टेकून पाहिलं, खाली फुटणाऱ्या लाटा बघितल्या.

"बरं केलंय कुणीतरी," ते म्हणाले.

मावशीने पदराने डोळे पुसले. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी खाडीपलीकडच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. ती वाट लांबची आणि चढाची. तिथेही माझं एक बाक आहे, म्हणाले, ते कसं आहे आता?

मावशी बाटलीचं झाकण लावत होती. "डुगडुगतंय," ती म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं. मागच्याच आठवड्यात मी त्या बाकावर डबा खाल्ला होता. शेजारी दोन धिप्पाड पाहुणे येऊन आदळले, तरी ते तसूभर हललं नव्हतं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की काकांच्या वाटेवरची ही बाकं सोडली, तर मावशीने आजवर या जंगलात रोवलेला एकही खांब कधी हललेला मी पाहिला नाही. मी तोंड मिटलं.

"माझ्या हातचं बाक?" काका म्हणाले. "शक्य नाही."

"मग जाऊन बघा," मावशी म्हणाली.

काकांनी खिशात हात घालून पाचर आहे का ते पाहिलं. "उद्या नको," ते म्हणाले. "परवा निघू."