चापावरचे कुंकू

मयत : दिगंबरराव, राहणार उंद्री, माझा नववीपर्यंतचा वर्गबंधू. घटना : यंदाच्या दसऱ्याची सकाळ, राहते घर. साक्षीदार : पत्नी शांताबाई व मुलगा सतीश. मी बुलढाण्यास कचेरीसमोर अर्ज लिहितो, म्हणून प्रारंभ असाच करतो; दुःख झाले तरी पद्धत सोडू नये.

परवान्याचे पिस्तूल मिळाल्यापासून दिगंबर माझ्या बाकावर तिरपा बसे, सदऱ्याची उजवी बाजू वर सारून. उंद्रीत कोणी त्याचे वैर धरावे, एवढे महत्त्व त्याला कोणी दिल्याचे मला ठाऊक नाही. "प्लास्टिकचं हाय बे, हलकं," तो म्हणे, "कमरेले हाय का नाही तेबी समजत नाही."

"समजत नाही, तं तुले देलं काऊन?" मी विचारले. तो हसला... माझे बोलणे त्याला लागत नसे. तेवढी बुद्धी नव्हती.

टपरीवर वकील मंडळी वाद घालत. एक म्हणे, ही पिस्तुले धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाहीत, बंद करा. दुसरा म्हणे, खेळण्यासारखी आहेत, परवाना सोपा करा. दोघेही अडाणी. मूठ प्लास्टिकची असली तरी नळी पोलादीच असते. धरणाऱ्याला ते रिकामे करता येते का, हे एकानेही विचारले नाही. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दिगंबरकडे होते; शिकला काय, ते दसऱ्याला दिसले.

विळा-कुऱ्हाडीशेजारी पिस्तूल पाटावर मांडले. शांतावहिनी म्हणाल्या, "गोळ्या काढा आधी." त्याने मॅगझिन काढून दाखवले, नळीत चढलेली गोळी तशीच राहिली. पूजा झाली. मग डाग पडेल म्हणून, नळी स्वतःकडे धरून, चापावरचे कुंकू फडक्याने पुसू लागला...

परवा सतीश आला. बापासारखाच तिरपा बसला. कमरेला काही नव्हते, तरी हात तिथेच. "काका, पिस्तुलासाठी वारसाचा अर्ज लिहून द्या. बाबाची आठवण हाय."

मागे वहिनी उभ्या होत्या. "भाऊजी, ते घरात नका येऊ देऊ."

मी सतीशला एकच विचारले, "मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं का?"

"हाव. बाबाच्या वक्ताले ते बिघडेल होतं. दुरुस्त करून घेतो ना."

सतीशचा अर्ज मी लिहिला नाही; हा वहिनींसाठी लिहितो. सबब, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांस विनंती की, ठाण्यात जमा असलेले ते पिस्तूल त्या घरी परत जाऊ देऊ नये व तसे लेखी कळवावे. उत्तर शांताबाईंच्या नावे द्यावे. त्या दर बाजाराच्या दिवशी माझ्या त्याच बाकावर, सरळ बसून, वाट पाहतात.