राखेला पांघरूण

या जगात झाकण्याजोग्या जेवढ्या वस्तू आहेत, त्या सगळ्या माझ्या मावशीनं एकदा तरी झाकलेल्या आहेत. बजाजनगरात अगदी शेवटच्या गल्लीत तिचं घर. तिथं माठावर फडकं, फडक्यावर ताट, ताटावर पुन्हा फडकं. चहा समोर आला तरी कपावर बशी. एक घोट घ्यायचा, बशी ठेवायची, मग बोलायचं. बोलण्याच्या नादात मी विसरलो, तर तिचाच हात पुढं येऊन कप झाकून जायचा. खिडक्यांना ओल्या साड्या, गच्चीवर चारी बाजूंनी ओल्या साड्या. वारा सुटला की त्या अशा फुगायच्या, की सगळं घर शिडं उभारून वाळूजवरून अलगद निघून चाललंय असं वाटावं. नवा दूधवाला एकदा घाबरत विचारता झाला, "लगीन कुणाचं हाय?"

घरामागं मुरमाची जुनी खदान होती. जवळच्या एका कारखान्याच्या बॉयलरमधली दगडी कोळशाची राख एक ठेकेदार तिथं आणून ओतायचा. उन्हाळ्यातल्या दुपारी ती वर चढायची. ऊन फिकं व्हायचं. रस्ता, अंगणातला कडुनिंब, सावलीत झोपलेली कुत्री, सगळं हळूहळू रुपेरी होत जायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरदुपारी चांदणं पडल्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही गेलो. मावशी चटईवर अर्धवट झोपेत होती. डोळे न उघडता म्हणाली, "चांदणं कसलं रं? आभाळाला कोंडा झालाय." आतून काकांचा खोकला ऐकू आला, तशी ती उठली आणि खिडकीवरची साडी पुन्हा भिजवायला गेली. संध्याकाळी स्टुलावर चढून हाताला येतील तेवढी कडुनिंबाची पानं ती ओल्या फडक्यानं पुसायची. "झाडालाबी दम लागतो," म्हणायची.

राखेचा डंपर उघडा आला, की ही घडीची साडी घेऊन रस्त्याच्या मधोमध.

"लेकरा, तुझं बाळ उघडं पडलंय. पांघरूण घाल त्याला."

"खाला, राख है वो, बच्चा नै!" मावशीला खाला म्हणणारा सिल्लोडकडचा ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा.

"राख असली म्हणून काय झालं? वारं लागतंय तिला."

तो खाली उतरून साडी बांधेपर्यंत ती हलायची नाही. अशा तिच्या कितीतरी साड्या डंपरवर बसून फिरून आल्या. काही आल्याच नाहीत. काकांनी गुलमंडीतून हौसेनं आणलेली जांभळी साडीसुद्धा एक दिवस गेली. काका दारातून तिच्याकडं पाहत राहिले आणि म्हणाले, "डंपरला खुलून दिसती."

मग ती सकाळ आली. शेजारची शेळी खदानीत शिरली आणि काका तिला हाकलायला गेले. राख वरून गार, पण आत धुमसत होती. थर खचला, काकांचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. शेळी आपली आपण बाहेर आली. काकांना मात्र उचलून आणावं लागलं. तो सारा उन्हाळा ते खाटेवर होते.

मावशी रडली नाही, ओरडली नाही. त्या कारखान्याच्या गेटवर जाऊन वॉचमनला म्हणाली, "साहेबांची मावशी आलीय म्हणून सांग," आणि मोठ्या साहेबांना जेवायचं आमंत्रण देऊन आली. पाय भाजल्याची बातमी तिथवर पोचली असावी. साहेब आले.

पान अंगणात मांडलं होतं. पुरणपोळी, तुपाची वाटी, कटाची आमटी, आणि एकाही भांड्यावर झाकण नाही. मी मावशीकडं बघतच राहिलो. वारा आला. बघता बघता तुपावर करडी साय धरली. साहेबांचा हात ताटावर थबकला.

"जेवा की," मावशी मायेनं म्हणाली. "आमी रोज हेच जेवतो."

त्यांनी खरंच एक घास घेतला. दाताखाली कचकच वाजली. तो कसाबसा गिळून ते खालमानेनं बसून राहिले. शेवटी मावशीलाच राहवेना. आतून दुसरं, झाकून ठेवलेलं ताट घेऊन आली. "घ्या. उपाशी नका जाऊ माझ्या दारातून."

त्यानंतर डंपर पुन्हा आले, पण रिकामे. त्यांत भरून, पाणी मारून, ताडपत्र्या आवळून, खदानीतली राख विटा करणाऱ्यांकडं जाऊ लागली. पावसाळ्याच्या तोंडावर खदान रिकामी झाली आणि काळ्या मातीनं भरली. पलीकडच्या शेतातल्या विहिरीचं पाणी मात्र अजून कुणी जनावरालाही पाजत नाही.

परवा गेलो, तेव्हा दोघं त्या भरलेल्या जागेवर बाज टाकून बसली होती. भोवती गवत होतं, ऊन उतरत होतं. काका बोलले की त्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

"आता बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"खदानीतली नेली रे त्यांनी," काका हसून म्हणाले. "माझ्यातली राहिली थोडी. ऱ्हाऊ दे."

मावशी यावर काहीतरी तिरपं बोलेल म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. ती गवताकडं बघत होती. तिचा हात काकांच्या पाठीवर होता, आणि त्यांच्या श्वासाबरोबर हळूहळू वर-खाली होत होता.