जिनिंगच्या गेटवर इटालियन

फौज सोडल्यावर माझी पोस्टिंग आदिलाबादला झाली. पोस्टिंग हा शब्द इथं बसत नाही, ठाऊक आहे. सिक्युरिटी एजन्सीनं पाठवलं आणि मी गेलो. पण चोवीस वर्षांची सवय. कुणी पाठवतं आणि आपण ट्रंक उचलून निघतो, ती माझ्या लेखी पोस्टिंगच.

माझं गाव कोकणात, कणकवलीच्या अलीकडे. बायको तिथंच आहे. मुलगी कोल्हापुरात नर्सिंग करते. मी दहावी काठावर पास झालो, शाळा सोडली आणि भरतीच्या रांगेत उभा राहिलो. हवालदार म्हणून बाहेर पडलो. शिक्षण कमी असल्याची धाकधूक मात्र कधी गेली नाही. आजही फॉर्म भरायचा म्हटलं की तळहात ओले होतात. म्हणून कुणी काम दिलं की मी आधी आभार मानतो. इथले माझे मालक, शेटजी, यावर हसतात. "हवालदार, तनखा दे रहा हूँ, दान नहीं," असं म्हणतात.

त्यांची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, शहराबाहेर, तलमडुगूच्या रस्त्याला आहे. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागते. वजनकाटा, आरडाओरडा, डोळ्यांत जाणारी कापसाची धूळ. होळीपर्यंत सगळं आटोपतं. मशिनं बंद होतात, मजूर आपापल्या गावी जातात. मग गेट, रिकामं यार्ड आणि मी. पहिल्या उन्हाळ्यात असे दिवस गेले की संध्याकाळपर्यंत माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला नव्हता. डोंगरावरच्या पोस्टवरही एकटेपणा असतो, पण तिथं रोलकॉल असतो. इथं माझी हजेरी घेणारं कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी फोनवर इटालियन शिकायला लागलो.

का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. माझी बटालियन शांतिसेनेत लेबनॉनला होती. निळं हेल्मेट, पांढऱ्या गाड्या. मी आरटी ऑपरेटर होतो, म्हणजे वायरलेस सेटवर बसणारा. आमची पोस्ट उंचावर होती, त्यामुळे दऱ्यांमधले सिग्नल आम्हाला नीट मिळायचे. काम साधं. ऐकायचं, जे ऐकलं ते शब्दाला शब्द परत म्हणायचं, मग पुढं पाठवायचं. याला रीड बॅक म्हणतात. अर्थ कळो न कळो, रीड बॅक चुकवायचा नाही. मला रिक्रूट असताना उस्तादांनी हे शिक्षा देऊन शिकवलं होतं.

हिवाळ्यात एका दुपारी धुकं आणि बर्फ एकदम उतरलं. इटालियन तुकडीच्या दोन गाड्या सामान पोचवून परत चालल्या होत्या. मागची गाडी वळणावर घसरली आणि नाल्यात पडली. गाडीत एकटा ड्रायव्हर होता. दरीतून त्याच्या सेटचा आवाज त्याच्या तळापर्यंत पोचत नव्हता. तो मला येत होता.

मी रिपोर्ट दिला. सुभेदार साहेब धावत आले.

"किती जण?"

"एक, साहेब. पाय अडकलेत. बोलतोय."

"रेस्क्यू पार्टी निघाली. रस्त्यानंच येणार, आडवाटेला माइन्स पेरलेत. वेळ लागेल."

"किती, साहेब?"

त्यांनी खिडकीतून धुक्याकडं बघितलं. "सेटवरून हलायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. कळलं?"

"जी साहेब."

ड्रायव्हर मुलाचं नाव लूका. हुद्दा कार्पोरलचा. गाडी आडवी पडली होती आणि काचांवर बर्फ साचला होता. भरदुपारी आत काळोख होता. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, मोडकं. म्हणून आमचं जमलं.

"डार्क हिअर. आय अॅम अफ्रेड. यू टॉक. ओव्हर."

"रोजर. यू डार्क, यू अफ्रेड, आय टॉक. पार्टी कमिंग. ओव्हर."

थोड्या वेळानं त्याचं इंग्रजी संपलं. माणूस दुखण्यात असला की शिकलेली भाषा आधी सुटते. तो इटालियनमध्ये बोलायला लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी रीड बॅक देत राहिलो. तो म्हणायचा, "पार्ला आंकोरा." मी म्हणायचो, "पार्ला आंकोरा." अजून बोल, हा त्याचा अर्थ मला फार पुढं कळला. तो थांबला की मी मराठीत बोलायचो. आमच्या कपिला गाईबद्दल बोललो. तिला शेजाऱ्याच्या परसातली केळ खायची सवय होती, त्यावरून शेजारी आईशी कसा भांडायचा, ते सगळं सांगितलं. सेटवर असलं बोलायची परवानगी नसते. सुभेदार साहेब बाजूला उभे होते. त्यांनी मला बोलू दिलं.

मग त्याची उत्तरं लांब लांब अंतरानं येऊ लागली. मग फक्त सेटचं बटण दाबल्याचा आवाज यायचा. मग तोही थांबला. मी बोलत राहिलो. रेस्क्यू पार्टीनं "रीच्ड" कळवलं तेव्हा सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट काढून घेतला.

काही आठवड्यांनी मला बेसवर बोलावलं. लूकाच्या आईला सेटवरच्या माणसाशी बोलायचं होतं. व्हिडिओ कॉल लावला. मध्ये एक दुभाषे अधिकारी बसले होते, सज्जन माणूस. मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं की तो घाबरला होता, बोलत राहा म्हणत होता, मी बोलत राहिलो. त्यांनी मान हलवली आणि माझ्यापेक्षा बरंच लांब बोलले. त्यात एक शब्द दोनदा आला, त्रांक्विल्लो. बाई माझ्याकडं एकटक बघत होत्या. मग "ग्रात्सिए", धन्यवाद, म्हणाल्या आणि कॉल संपला. मला वाटलं, ड्यूटी पूर्ण झाली.

त्यानंतर ते आवाज कानात राहिले. दिवसा कामात विसरायचो. आदिलाबादला कामच उरलं नाही तेव्हा ते पुन्हा आले. बोलायला माणूस नव्हतं, म्हणून मी त्या आवाजांची भाषा शिकायला बसलो. कारण एवढंच.

शिकण्याची पद्धत फौजीच. रायफल शिकवतात तसं. आधी भागाचं नाव, मग त्याचं काम, मग उघडणं-जोडणं. पाने म्हणजे पाव, आक्वा म्हणजे पाणी. पहिला आठवडा या दोनच शब्दांत गोंधळ झाला. सकाळच्या राउंडला मी यार्डभर चालत मोठ्यानं वाक्यं म्हणायचो. वॉचमनच्या खोलीमागं भाजी लावणाऱ्या सुमनबाई तलमडुगूच्या. त्या एक दिवस कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"फौजीभाऊ, कोनाशी बोलून राह्यले?"

"कुणाशी नाही. इटालियन शिकतोय."

"थे काय असते?"

"परदेशातली भाषा आहे."

"इथं तेलुगू येत नाई तुमाले. बाजारात भाव विचाराले मले घेऊन जाता. अन् परदेसातली काऊन शिकता?"

 त्या हसत गेल्या. पण तेव्हापासून ज्वारीची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून कुंपणावर ठेवायला लागल्या. "शिकनाऱ्या पोराले भूक लागते," म्हणायच्या. मी पंचेचाळिशीच्या घरात होतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पाऊस लागून सरत आला तेव्हाची गोष्ट. फोनवर धडा चालू होता. तळ्याकाठी खुर्चीत बसलेल्या माणसाचं चित्र आलं. खाली वाक्य, लुई ए त्रांक्विल्लो. तो शांत आहे.

मी फोन खाली ठेवला.

दुभाष्यांनी आईला सांगितलं होतं, तुमचा मुलगा शांत होता. त्यांनी चांगल्या मनानंच केलं असेल. मीही कदाचित तेच केलं असतं. पण ते माझ्या तोंडचं म्हणून सांगितलं गेलं होतं, आणि ते खरं नव्हतं.

लूकाचा मित्र मार्को मला नवीन वर्षाला शुभेच्छा पाठवायचा. त्या दुपारी पुढची गाडी तोच चालवत होता. त्याला मोडक्या इटालियनमध्ये लिहिलं की आई कशी आहे. उत्तर आलं. आई आहे. थकली आहे. चर्चमध्ये लूकाच्या नावानं प्रार्थना असते तेव्हा मागच्या बाकावर बसते आणि मध्येच उठून जाते. मार्कोला एकदा म्हणाली होती, त्यांनी मला दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल सांगितलं.

ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं.

मार्कोनं लिहिलं, बोलायचं असेल तर मी मध्ये दुभाष्या म्हणून बसतो. मी नको म्हणालो. मीच बोलतो, मला वेळ दे. आणि मग धास्ती बसली. तिची तब्येत आधी खचते की माझं व्याकरण आधी जमतं, याचा नेम नव्हता. शिवाय दुसरी भीती. मरून गेलेल्या मुलाच्या आईला, तो घाबरला होता, असं सांगायला मी कोण? तिला झोप लागत असेल तर ती मोडायची कशाला?

सुमनबाई वांगी तोडत होत्या. मी कुंपणाअलीकडून त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

त्या तोडायच्या थांबल्या नाहीत. "माहा पोरगा हैदराबादले हॉस्टेलात हाय ना," म्हणाल्या. "फोन केला का म्हनते, मजेत हाय आई. मजेत हाय म्हनला का मी रातभर झोपत नाई. परवा म्हनला, आई, वरन कच्चं असते, पोट दुखून राह्यलं. त्या रोजी झोपली मी."

"पोट दुखतंय ऐकून?"

"मंग? थ्यो माहा पोरगा बोलत होता ना." टोपली उचलून त्या निघाल्या. चार पावलांवर वळल्या. "लवकर शिका, फौजीभाऊ. तुमी लई धीमे हात."

सीझन सुरू झाला. दिवसा काट्यावर गाड्या, संध्याकाळी धडे. शेटजींना कळलं तेव्हा म्हणाले, "इटली भाग रहे हो क्या?" मी कारण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसची खोली संध्याकाळी माझ्यासाठी उघडी राहू लागली. तिथं नेटवर्क चांगलं आहे.

सीझन संपल्यावर एका रविवारी दुपारी कॉल लावला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. खुर्ची होती, पण बसवेना. उभ्यानंच बोललो.

बाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा आक्रसलेल्या दिसत होत्या. मार्कोनं फोन समोर ठेवला आणि बाहेर गेला.

"सिन्योरा," मी म्हणालो. पुढचं पाठ केलेलं सगळं गेलं.  त्या थांबल्या होत्या. मग मी नमस्कार-चमत्कार सोडून दिले आणि एकच वाक्य म्हणालो.

"आवेवा पाऊरा." त्याला भीती वाटत होती.

त्यांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं उच्चार चुकला. पुन्हा म्हणणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दी के कोझा?" कशाची?

"देल बूइओ, सिन्योरा." अंधाराची.

त्यांनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.  मी अटेन्शनमध्ये उभा होतो आणि मनात म्हणत होतो, हे काय केलंस. मग त्या बोलायला लागल्या, भराभर. मला अर्धंच कळत होतं. लहानपणी, दार उघडं, दिवा, मोठा झाल्यावरसुद्धा. मधले दुवे मीच जोडले. तो दार बंद करून कधी झोपला नाही. फौजेत गेला तेव्हा त्यांना बाकी कशाची काळजी नव्हती, फक्त बराकीतल्या अंधाराची होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाची चेष्टा होईल म्हणून.

शेवटी हळू म्हणाल्या, "अल्लोरा एरा लुई." म्हणजे तो तोच होता.

"सी, सिन्योरा. नॉन एरा सोलो. चेरो इओ." तो एकटा नव्हता. मी होतो.

त्यांनी विचारलं, तुम्ही त्याच्याशी काय बोललात? मी म्हणालो, माझ्या भाषेत बोललो, गाईबद्दल. शेजाऱ्याची केळी खाणारी गाय माझ्या इटालियनमध्ये बसेना. मी हातानं दाखवलं. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण डोळे पुसता पुसता त्या हसल्या. म्हणाल्या, गाईचं त्याला आवडलं असेल. त्यांच्याही घरी गाई होत्या.

मग म्हणाल्या, थकलेले दिसता, बसा. आणि जेवलात का?

मी बसलो. जेवलो नव्हतो, तसं सांगितलं.

आता त्यांचा कॉल अधूनमधून येतो. माझी क्रियापदं अजून चुकतात, त्या दुरुस्त करतात. मार्कोनं कळवलं की प्रार्थना संपेपर्यंत त्या आता बाकावर बसून असतात.

लूकाच्या गावात, डोंगराच्या पायथ्याशी, दगडावर त्याचं नाव, हुद्दा आणि तारीख कोरली आहे. मार्कोनं फोटो पाठवला. त्याखालची ओळ मला आता वाचता येते. शांततेसाठी कर्तव्य बजावताना, असं लिहिलं आहे. ते बरोबरच आहे. तो सव्वीस वर्षांचा होता. रेस्क्यू पार्टीची वाट बघताना तो माझ्यावर एकदाही रागावला नाही, उशीर का होतोय हे त्यानं एकदाही विचारलं नाही. अंधाराला तो फार घाबरायचा. ते दगडावर लिहीत नाहीत, म्हणून मी इथं लिहिलं.